‘हॉट’ कुठे, ‘वॉर्म’ कुठे, ‘स्कॉर्चिंग’ कुठे: नागपूरकरांसाठी एका इंग्रजी विशेषणाचा सविस्तर मार्गदर्शक

उन्हाळ्याबद्दल बोलायला नागपूरच्या माणसाला मराठीत शब्द कमी पडत नाहीत. ऊन तापतं, चटके बसतात, झळा लागतात, घरात उकडतं, अंगाची लाही लाही होते, आणि नवतपा लागला की दुपारी सीताबर्डीच्या मेन रोडवरही शुकशुकाट असतो. हेच सगळं इंग्रजीत सांगायची वेळ आली की मात्र बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो: ‘हॉट’. ऊन हॉट, चहा हॉट, रस्सा हॉट, साहेबांचं डोकंही हॉट. मिहानमधल्या ऑफिसात किंवा मुलाखतीत त्याने कसंबसं काम भागतं, पण जे सांगायचं होतं त्यातलं निम्मंच समोरच्यापर्यंत पोचतं. काही ठिकाणी तर भलताच अर्थ पोचतो.

यावर समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ‘स्कॉर्चिंग’, ‘स्वेल्टरिंग’, ‘पायपिंग हॉट’ आणि ‘स्पायसी’ हे चारही शब्द ‘हॉट’च्या यादीत सापडतील, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. चहाला ‘स्कॉर्चिंग’ म्हणत नाहीत आणि उन्हाला ‘पायपिंग हॉट’ म्हणत नाहीत. कोणता शब्द कशाला लागतो हे यादी सांगत नाही, आणि शिकायचं असतं नेमकं तेच. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो ‘गरम काय आहे’ या प्रश्नावरून लावला आहे.

पहिली पायरी: गरम काय आहे ते आधी ठरवा

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनातलं मराठी वाक्य नीट ऐका. उकडतंय म्हणजे हवेबद्दल बोलताय. चटका बसला म्हणजे वस्तूबद्दल किंवा उन्हाबद्दल. वाफाळतंय म्हणजे पदार्थ. तिखट लागलं म्हणजे जीभ. कणकण आहे म्हणजे अंग. डोकं तापलं म्हणजे राग. आपल्या भाषेने ही वाटणी आधीच करून ठेवलेली आहे. एवढं ठरलं की इंग्रजी शब्द दोन-तीनच उरतात आणि त्यातला एक निवडणं सोपं जातं. अडचण येते ती हे सगळे वेगवेगळे मराठी शब्द आधी ‘गरम’मध्ये कोंबून मग भाषांतर केल्यामुळे.

दुसरी पायरी: वाक्याचा सांगाडा सरळ करा

शब्द कितीही भारी वापरला तरी सांगाडा चुकला तर उपयोग नाही. इथे तीन गोष्टी पक्क्या करायच्या.

पहिली म्हणजे ‘हॉट’ आणि ‘हीट’ यांतला फरक. ‘हॉट’ हे विशेषण, ‘हीट’ हे नाम. ‘देअर इज टू मच हॉट टुडे’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. आज फार गर्मी आहे, यातली ‘गर्मी’ नाम असल्यामुळे तसं बोललं जातं. बरोबर वाक्य ‘इट्स व्हेरी हॉट टुडे’. नामच हवं असेल तर ‘द हीट इज अनबेअरेबल’.

दुसरी गोष्ट ‘इट’ची. ‘गरम होऊन राहिलं ना बाप्पा’ या वाक्यात कर्ता नाही, कोण गरम होतंय ते सांगावं लागत नाही. इंग्रजीला कर्ता लागतोच, म्हणून तिथे रिकाम्या जागेवर ‘इट’ बसतं. स्वतःला होणारा त्रास सांगायचा असेल तर ‘आय ॲम फीलिंग हॉट’. नुसतं ‘आय ॲम हॉट’ व्याकरणात बरोबर आहे, पण ‘मी आकर्षक दिसतो’ असाही त्याचा अर्थ होतो. ऑफिसात ‘फीलिंग’ जोडून बोललेलं बरं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. तापमान हा आकडा असतो, आणि आकडा ‘हाय’ किंवा ‘लो’ असतो, ‘हॉट’ नसतो. ‘द टेम्परेचर इज हाय’ किंवा ‘इट्स फॉर्टी-फोर डिग्रीज टुडे’ असं म्हणायचं. ‘टेम्परेचर इज हॉट’ म्हणू नये. बातम्यांत ‘टच्ड’, ‘क्रॉस्ड’, ‘सोअर्ड टू’ अशी क्रियापदं येतात. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद दिसली आणि देशभर चर्चा झाली. पुढे हवामान खात्याने ती सेन्सरच्या बिघाडामुळे आल्याचं सांगितलं. त्या वेळच्या इंग्रजी बातम्या काढून वाचा. तापमानाच्या आकड्याला कोणती क्रियापदं लागतात याचा चांगला सराव होईल.

जाता जाता स्पेलिंगचं. तुलना करताना ‘हॉटर’ आणि ‘हॉटेस्ट’मध्ये ‘टी’ हे अक्षर दोनदा येतं. आणि ‘हॉटली’ म्हणजे ‘गरमपणे’ नव्हे. ‘ही हॉटली डिनाइड इट’ म्हणजे त्याने तावातावाने नाकारलं.

तिसरी पायरी: हवामान

इथे थोडं थांबू या. इतर शहरांतल्या लोकांपेक्षा आपल्याला या शब्दांची गरज जास्त पडते.

नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये घाम येतो पण लगेच वाळतो, ओठ फाटतात, गाडीच्या सीटला हात लावता येत नाही. या उन्हाळ्यासाठी भाजणं, होरपळणं, करपणं या क्रियांतून आलेले शब्द आहेत. ‘स्कॉर्चिंग’ म्हणजे करपवणारं, ‘ब्लिस्टरिंग’ म्हणजे अंगावर फोड आणील असं, ‘सिअरिंग’ म्हणजे पोळून काढणारं. हे शब्द ‘सन’, ‘हीट’, ‘डे’, ‘आफ्टरनून’ या नामांना लागतात. ‘इट्स स्कॉर्चिंग आउटसाइड, कव्हर युअर हेड’ हे वाक्य मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालेल्या कुणालाही म्हणता येईल. गप्पांत ‘बेकिंग’ आणि ‘रोस्टिंग’ही चालतात. ‘इट्स बॉइलिंग’ही म्हणतात, पण ते जरा वाढवून बोलणं झालं, लेखी अहवालात नको.

कडक ऊन या शब्दाजवळ पुष्कळांची गाडी अडते. ‘हार्ड सन’ किंवा ‘टाइट सन’ असं काही नसतं. ‘ब्लेझिंग सन’, ‘हार्श सन’ किंवा साधं ‘स्ट्राँग सन’ म्हणा.

आता जून संपत आला, एक-दोन सरी पडून गेल्या. पारा चार-पाच अंशांनी उतरलेला असतो, पण घरोघरी तक्रार वाढते: ‘कूलर कामच नाही करून राहिला.’ कूलर बिघडलेला नसतो. पाण्याची वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता शोषून घेतं, म्हणून वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार लागते. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर वाफ नीट होत नाही, आणि त्याच कारणाने अंगावरचा घामही वाळत नाही. मे महिन्याचा ‘स्कॉर्चिंग’ इथे उपयोगाचा नाही. या हवेला ‘ह्युमिड’ म्हणायचं. चिकचिक आणि कोंदटपणाचा वैताग दाखवायचा असेल तर बोलताना ‘मगी’, थोडं लेखी वळण हवं असेल तर ‘सल्ट्री’. ‘सल्ट्री’ जपून वापरा. हवेबद्दल तो शब्द ठीक आहे, पण स्त्रीबद्दल वापरला तर त्याला शृंगारिक अर्थ येतो.

‘स्वेल्टरिंग’ या दोन टोकांच्या मध्ये बसतो. जीव नकोसा करणारी उष्णता असा त्याचा रोख असतो, आणि बहुतेकदा त्यात घामही गृहीत धरलेला असतो. लाइट गेलेली असताना तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून ‘इट्स स्वेल्टरिंग इन हिअर’ म्हटलं तर ते अगदी चपखल बसतं. खिडक्या बंद, पंखा नाही, गुदमरल्यासारखं होतंय, एवढंच सांगायचं असेल तर ‘स्टफी’. ‘स्टफी’ खोलीला म्हणतात, दिवसाला नाही.

शाळेत शिकलेला उष्ण कटिबंध इंग्रजीत ‘टॉरिड झोन’ होतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे आपण त्याच पट्ट्यात राहतो. ‘टॉरिड’ हा शब्द भूगोलात आणि ग्रंथांच्या भाषेत शोभतो. बसस्टॉपवर तो कोणी बोलत नाही.

‘हीट वेव्ह’ हा शब्दही सैल हाताने वापरू नये. भारतीय हवामान खात्याची त्याची ठरलेली व्याख्या आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. पारा ४५ वर गेला तर सरासरी न बघताही उष्णतेची लाट धरली जाते. मेमध्ये ४२ अंश हे नागपूरला नेहमीचंच, त्याला ‘हॉट डे’ म्हणा. ‘हीट वेव्ह’ खात्याने जाहीर केल्यावर.

आणि फेब्रुवारीतली संध्याकाळ? स्वेटर उतरलेला, कूलर अजून माळ्यावर, फुटाळ्यावर वारा सुटलेला. त्या सुखद उबेला ‘वॉर्म’, जास्त गोड शब्द हवा तर ‘बाल्मी’.

चौथी पायरी: जोर किती द्यायचा

कमी-जास्त करता येणारी आणि आधीच टोकाला पोचलेली अशी इंग्रजी विशेषणं दोन प्रकारची असतात. ‘हॉट’ पहिल्या प्रकारातलं, म्हणून ‘व्हेरी हॉट’, ‘क्वाइट हॉट’, ‘अ बिट हॉट’ सगळं चालतं. ‘स्कॉर्चिंग’, ‘बॉइलिंग’, ‘स्वेल्टरिंग’ यांच्यात ‘व्हेरी’ आधीच सामावलेलं आहे. ‘व्हेरी बॉइलिंग’ कानाला खटकतं, ‘ॲब्सोल्यूटली बॉइलिंग’ खटकत नाही. ‘रिअली’ मात्र दोन्हीकडे चालतं. शंका आली की तेच घ्या.

पाण्यासाठी चढता क्रम लक्षात ठेवा: ‘कोल्ड’, ‘टेपिड’, ‘वॉर्म’, ‘हॉट’, ‘बॉइलिंग’. कोमटला ‘ल्यूकवॉर्म’ म्हणतात. कढतला ‘स्कॉल्डिंग हॉट’, म्हणजे अंगावर सांडलं तर भाजेल इतकं. लहान मुलाच्या आंघोळीचं पाणी कसं हवं ते सांगताना या शब्दांची अदलाबदल परवडणार नाही.

पाचवी पायरी: ताटातलं ‘हॉट’

बाहेरगावचा सहकारी पहिल्यांदा सावजीकडे आला आहे. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेला हा रस्सा, काळपट लाल, वर तेलाचा तवंग. तो विचारतो, ‘इज इट हॉट?’ वाढणारा पातेल्याकडे बघून म्हणतो, ‘हो साहेब, एकदम हॉट, आत्ताच उतरवलं.’ पाहुणा दोन मिनिटं थांबतो, रस्सा निवू देतो, मग मोठा घास घेतो. पुढचं सांगायला नको.

इंग्रजीत ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही, म्हणून जेवणाच्या टेबलावर हा शब्द एकटा सोडू नये. तिखटाबद्दल विचारायचं असेल तर ‘इज इट स्पायसी?’, आणि गरम असल्याचं सांगायचं असेल तर ‘इट्स पायपिंग हॉट’ किंवा ‘इट्स स्टीमिंग’. ‘पायपिंग हॉट’मध्ये कौतुक असतं: ताजं, वाफाळतं, आत्ता खाण्यासारखं. सकाळच्या तर्री पोह्यांबद्दल ‘पायपिंग हॉट पोहा विथ स्पायसी तर्री’ म्हटलं की दोन्ही अर्थ वेगळे होऊन पोचतात.

‘स्पायसी’तही एक मेख आहे. भरपूर मसाला घातलेला पण तिखट नसलेला पदार्थही ‘स्पायसी’ म्हणवतो. म्हणून सावजीबद्दल सावध करायचं असेल तर ‘इट्स व्हेरी स्पायसी, आय मीन चिली-हॉट’ असं स्पष्ट म्हणा. झणझणीतला ‘फायरी’ चांगला बसतो. ‘पंजंट’ हा शब्द मोहरी किंवा कच्चा कांदा अशा उग्र, नाकात जाणाऱ्या वासा-चवीला राखून ठेवा. तिखट कमी हवं असेल तर ‘माइल्ड’. ‘लेस हॉट’ मागितलं तर तुमच्यापुढे निवलेला रस्सा यायचा.

तिखटाला ‘हॉट’ म्हणण्यामागे शरीराचं कारण आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (‘रिसेप्टर’, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन) चेतवतं, तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही चेतवला जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राहक ओळखला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि मे महिन्याची दुपार, दोन्हींचा सांगावा मेंदूकडे एकाच दारातून जातो. मराठीने तिखट आणि गरम वेगळे ठेवले, इंग्रजीने एकाच शब्दात बसवले.

खाण्यापिण्याच्या आणखी काही जागा चटकन सांगतो. कडक चहा म्हणजे ‘स्ट्राँग टी’, त्याचा गरमपणाशी संबंध नाही. पपई किंवा आंबा ‘उष्ण पडतो’ हे ‘इट्स हॉट’ने सांगता येणार नाही. ‘इट्स कन्सिडर्ड हीटिंग फॉर द बॉडी’ असं थोडं समजावून सांगावं लागतं, कारण परक्या माणसाच्या डोक्यात ती कल्पनाच नसते. आणि ‘हॉट ड्रिंक्स’ म्हणजे इंग्रजांकडे चहा-कॉफी, आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र अनेकदा दारू. परदेशी पाहुण्याला विचारताना ‘टी ऑर कॉफी?’ असं सरळ विचारा.

सहावी पायरी: ‘वॉर्म’ वेगळा काढा

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, डिसेंबरच्या थंडीत, पाहुण्याला ‘ब्रिंग हॉट क्लोद्स’ असा निरोप जातो. गरम कपडे म्हणजे ‘वॉर्म क्लोद्स’. उब देणारी, सुखावणारी गोष्ट ‘वॉर्म’ असते: ‘वॉर्म ब्लँकेट’, ‘वॉर्म वेलकम’, ‘वॉर्म स्माइल’, पत्राच्या शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’. जिव्हाळ्याच्या माणसाला ‘अ वॉर्म पर्सन’ म्हणतात. प्रतिसाद थंडा मिळाला तर ‘ल्यूकवॉर्म रिस्पॉन्स’.

उच्चार ‘वार्म’ नाही. ‘वॉर्म’, ‘फॉर्म’सारखा. ‘वर्म’ असा निघाला तर त्याचा अर्थ अळी होतो.

सातवी पायरी: अंग तापलं तर

दवाखान्यात नेमकेपणाला सर्वांत जास्त किंमत असते. ‘माय बॉडी इज हॉट’ डॉक्टरांना कळेल, पण ताप मोजला की नुसतं हाताला गरम लागलं, ते कळणार नाही. मोजला असेल तर ‘आय हॅव अ फीव्हर, हंड्रेड अँड टू’. नुसती कणकण असेल तर ‘आय फील फीव्हरिश’. ताप जास्त असेल तर ‘हाय फीव्हर’. ‘हॉट फीव्हर’ असा प्रयोग नाही.

ऊन लागलं, लू लागली, यासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक जिवाशी संबंधित आहे. खूप घाम, अशक्तपणा, चक्कर, मळमळ, पण माणूस शुद्धीवर आहे आणि नीट बोलतोय: हे ‘हीट एग्झॉशन’. त्याला लगेच सावलीत न्या, गार करा, पाणी पाजा. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, माणूस बरळायला लागला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला: हा ‘हीटस्ट्रोक’, म्हणजे उष्माघात. १०८ वर फोन करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. हिंगणा एमआयडीसीत किंवा बांधकामावर परप्रांतीय सुपरवायझरला फोनवर कळवायची वेळ आली तर ‘ही इज नॉट फीलिंग वेल’ एवढ्यावर थांबू नका. ‘इट लुक्स लाइक हीटस्ट्रोक, ही इज कन्फ्यूज्ड, प्लीज हरी’ असं म्हणा.

आठवी पायरी: राग, चर्चा, बातमी

तापट माणूस ‘हॉट-टेम्पर्ड’. उतावळेपणाने काहीतरी करून बसणारा ‘हॉट-हेडेड’. ‘ही इज हॉट टेम्पर’ हे अर्धवट आहे, शेवटचा ‘ड’ सोडू नका. भांडण मात्र ‘हॉट’ नसतं, ‘हीटेड’ असतं: ‘अ हीटेड आर्ग्युमेंट’. विषय ‘हॉट टॉपिक’ होतो, आणि ‘इन हॉट वॉटर’ म्हणजे अडचणीत सापडलेला. इतवारीत एखादा माल हातोहात संपला तर ‘इट सोल्ड लाइक हॉट केक्स’.

माणसाच्या दिसण्याबद्दल ‘हॉट’ म्हणणं गाण्यांतून, रील्समधून सगळ्यांच्या कानावर पडतं. या शब्दात लैंगिक आकर्षणाचा अर्थ आहे, म्हणून सहकाऱ्याबद्दल, शिक्षिकेबद्दल, ओळखीच्या मुलीबद्दल तो वापरू नये. कौतुकच करायचं असेल तर ‘यू लुक नाइस टुडे’ किंवा ‘दॅट कलर सूट्स यू’ पुरे. कामाच्या ठिकाणी याबाबत तक्रार होऊ शकते, आणि व्हायलाही हवी.

सराव कसा करायचा

वहीत नुसता शब्द लिहू नका, त्याचं नामही सोबत लिहा: ‘ब्लेझिंग सन’, ‘स्टफी रूम’, ‘हीटेड आर्ग्युमेंट’, ‘वॉर्म क्लोद्स’. मार्चपासून जुलैपर्यंत रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या हवेबद्दल दोन वाक्यं मोठ्याने म्हणा, आणि त्यांत ‘व्हेरी हॉट’ येऊ द्यायचं नाही असा नियम ठेवा. हवा बदलत जाते तसे शब्दही आपोआप बदलावे लागतात, म्हणून नागपुरात हा सराव उत्तम होतो. घरात दोघं शिकत असाल तर एकाने मराठीत म्हणायचं, दुसऱ्याने इंग्रजीत.

सुरुवातीला ही वाक्यं घ्या, उत्तर झाकून आधी स्वतः करून बघा.

‘लई उकडून राहिलं, खिडकी उघड ना’: ‘इट्स सो स्टफी इन हिअर, ओपन द विंडो, प्लीज.’

‘बारा ते चार बाहेर नको जाऊ, चटके बसतात’: ‘डोन्ट गो आउट बिटवीन ट्वेल्व्ह अँड फोर, द सन इज ब्लिस्टरिंग.’

‘पाऊस पडला तरी चिकचिक कमी नाही’: ‘इट हॅज रेन्ड, बट इट्स स्टिल मगी.’

‘आई, भाजी तिखट झाली, पण पोळी एकदम गरम आहे’: ‘आई, द भाजी इज टू स्पायसी, बट द पोळी इज पायपिंग हॉट.’

‘काका तापट आहेत, पण मनाने मायाळू’: ‘काका इज हॉट-टेम्पर्ड, बट व्हेरी वॉर्म-हार्टेड.’